गेलिक डोंगर-गावांची नावं : अर्थ, उच्चार आणि ती लिहून कोणी ठेवली?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. मी स्कॉटलंडमधे इन्व्हरनेसला राहते. इथल्या उत्तरेच्या डोंगराळ भागात, म्हणजे हायलंड्समधे, फिरायला येणारे आपले लोक मला नकाशाचे फोटो पाठवून विचारतात की हे नाव कसं म्हणायचं, अर्थ काय. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा इथेच धागा काढते, म्हणजे इतर जाणकारही भर घालतील.

पहिली गोष्ट, गेलिक म्हणजे इथली जुनी भाषा, तिच्या नावात जातिवाचक शब्द आधी येतो आणि विशेष नंतर. आपण 'राजगड' म्हणतो, ते म्हणतील 'गड राजाचा'. त्यामुळे नकाशावर नावांची सुरुवात सारखी तीच तीच दिसते. बेन म्हणजे मोठा डोंगर, मूळ गेलिक बेइन्. मेआल् म्हणजे गोलसर, बोजड डोंगर, स्कूर म्हणजे टोकदार शिखर, द्रुइम म्हणजे पाठ, म्हणजे लांबलचक धार. स्त्रोन म्हणजे नाक, डोंगराची पुढे आलेली सोंड. कोर्‍ये म्हणजे कढई, डोंगराच्या कुशीत हिमनदीने कोरलेला खोलगट भाग, त्याचंच इंग्रजीत कॉरी झालं. इन्व्हर म्हणजे नदीचं मुख, म्हणून इन्व्हरनेस म्हणजे नेस नदीच्या मुखाचं गाव. किन म्हणजे डोकं किंवा टोक, लॉख म्हणजे तळं किंवा खाडी, म्हणून किनलॉख म्हणजे लॉखच्या वरच्या टोकाचं ठिकाण.

रंगांची गंमत वेगळीच आहे. केर्नगॉर्ममधला 'गॉर्म' डिक्शनरीत निळा, पण भरलेल्या गवताचा हिरवा रंगसुद्धा गॉर्मच. 'ग्लास' राखाडीही आणि हिरवटही. आणि आज ज्या सगळ्या रांगेला आपण केर्नगॉर्म्स म्हणतो तिचं गेलिक नाव मुळात 'आम मॉनग रुअग' आहे, म्हणजे तांबूस डोंगराळ मुलूख. तिथला ग्रॅनाइट गुलाबी-तांबूस आहे. स्पे नदीच्या पलीकडची रांग 'मॉनग लिअ', राखाडी मुलूख. म्हणजे खोऱ्यात राहणाऱ्या माणसाला एका बाजूला तांबडे डोंगर, दुसऱ्या बाजूला करडे. नाव देणारा माणूस नेमका कुठे उभा होता तेही नावातून कळतं! इंग्रजी नकाशांनी एका शिखराचं नाव उचलून सगळ्या रांगेला लावलं आणि ही जोडीच मोडली.

माझं मत आधीच सांगून टाकते. नकाशावरचं स्पेलिंग घेऊन डिक्शनरीत शब्द शोधायचा आणि अर्थ ठोकून द्यायचा, हे जे बऱ्याच ट्रॅव्हल साइट्स करतात ते चूक आहे. अर्थ लावायचा तर स्थानिक उच्चार ऐकायला हवा, जुन्या कागदांत नाव कसं लिहिलंय ते बघायला हवं आणि मग प्रत्यक्ष जागा बघायला हवी. तिन्ही जुळलं तर ठीक.

कोकणकडा

मस्त धागा! सोंड, नाक, पाठ वाचून एकदम सह्याद्री आठवला. आपल्याकडेही सोंडेवरून चढतो, धारेवरून चालतो, नळीतून उतरतो. आणि खंडाळ्याच्या नागफणीचं ड्यूक्स नोज झालं तेही आहेच, तिथे तर आधीचं नाव किती चपखल होतं, फणा काढलेला नाग समोर दिसतो.

ग्लेनकोच्या रस्त्यावर जो पिरॅमिडसारखा डोंगर लागतो, ज्याचा फोटो सगळे काढतात, त्याचं नाव काय आणि कसं म्हणायचं? आमच्या गाइडने प्रत्येक वेळी वेगळं काहीतरी म्हटलं.

पाऊलवाट

@कोकणकडा तो बुअखिल्य एट्य मोर. एटिव्हचा थोरला गुराखी. शेजारी धाकटा आहे, बुअखिल्य एट्य बेक. एटिव्हच्या खोऱ्याच्या तोंडाशी दोघे राखणीला बसल्यासारखे आहेत. त्या शब्दातला 'बो' म्हणजे गाय, आणि तो आपल्या गो शब्दाचा खरोखरच भाऊबंद आहे, ओढूनताणून नाही.

उच्चाराचं एक सूत्र सांगते, फार उपयोगी आहे. गेलिक नावात आघात विशेषावर येतो, म्हणजे शेवटच्या भागावर. इन्व्हर-नेस. बॅला-हू-लिश, मूळ 'बाल्य अ खूलिश', सामुद्रधुनीजवळचं गाव. याउलट नॉर्स, म्हणजे व्हायकिंग लोकांनी ठेवलेल्या नावात विशेष आधी येतं म्हणून आघातही पहिल्यावर, स्टॉर्न-वे, कार-बॉस्ट. मराठीत आपण आघाताकडे फारसं लक्ष देत नाही, सगळं सपाट म्हणून टाकतो, पण इथे तोच नाव कोणत्या भाषेत जन्मलं त्याचा पुरावा असतो. हेब्रिडीज बेटांवर नॉर्स आणि गेलिक एकमेकांत इतके मिसळलेत की आघात ऐकल्याशिवाय मी तरी पुढे जात नाही.

शब्दवेल्हाळ

वाचतोय. ग्लासगोजवळच्या मिलगायचं (Milngavie) स्पेलिंग कोणी समजावेल का? एन आणि व्ही कुठे गडप होतात?

नकाशावेडी

@शब्दवेल्हाळ मिलगायमधे गेलिक 'मुइलन' म्हणजे गिरणी आहे. लिहिणाऱ्याने जुन्या स्कॉट्स, म्हणजे इंग्रजीच्या इथल्या भावंड भाषेच्या, पद्धतीने लिहिलं, बोलणारे आपल्या पद्धतीने बोलत राहिले. तसंच 'कलेन' (Culzean) किल्ल्याच्या स्पेलिंगमधे झेड दिसतो, तो मुळात झेड नाहीच, 'योख' नावाचं जुनं अक्षर होतं. छापखान्यांकडे त्याचा खिळा नव्हता म्हणून दिसायला जवळचा झेड वापरला. कागद बघून वाचणारा फसतो, गावात राहणारा फसत नाही.

आता धाग्याच्या शीर्षकातल्या शेवटच्या प्रश्नाकडे, कारण माझा तो जिव्हाळ्याचा विषय आहे. आज नकाशावर दिसणारी बहुतेक नावं ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे तेव्हा लष्कराकडे असलेल्या सरकारी नकाशा खात्याच्या, लोकांनी नक्की केली. स्कॉटलंडचा सहा इंची नकाशा, म्हणजे एका मैलाला सहा इंच, १८४३ ते १८८२ या काळात झाला. नावांसाठी नोंदवह्या होत्या, नेम बुक. त्या वह्या आता स्कॉटलंड्सप्लेसेस साइटवर स्कॅन करून ठेवल्यात आणि स्वयंसेवकांनी हाताने टाइप करून शोधता येतील अशा केल्यात. एकदा उघडून बघाच.

पानावर रकाने असतात. पहिल्यात नकाशावर जाणारं नाव. दुसऱ्यात त्याच नावाची वेगवेगळी स्पेलिंग्ज. तिसऱ्यात प्रत्येक स्पेलिंगला आधार कोणाचा, म्हणजे माणसाचं नाव. मग जागा कुठे आहे ते, आणि शेवटी वर्णन: अमुक उंचीची टेकडी, माथ्यावर खडक, अमुकची मालमत्ता, आणि कधीकधी नावाचा अर्थ. तिसरा रकाना सगळ्यात बोलका. तिथे जमीनदार, त्याचा कारभारी म्हणजे फॅक्टर, पाद्री, शाळामास्तर हे पुन्हा पुन्हा येतात. मेंढपाळ आणि साधे कुळवाडी पण येतात, पण सर्व्हेच्या सूचनांमधे स्पष्ट होतं की छोट्या शेतकऱ्यांवर विसंबू नये, ते राहतात त्या जागेच्या नावासाठीसुद्धा नाही, निदान स्पेलिंगच्या बाबतीत तर नाहीच. बऱ्याच ठिकाणी फॅक्टर बाहेरचा, गेलिक न येणारा. ज्याच्या तोंडात ते नाव रोज होतं त्याचं मत सगळ्यात हलकं धरलं.

अजून एक बघा, डोंगर-ओढ्यांची नावं नकाशावर बरीचशी गेलिक स्पेलिंगमधे आहेत पण गावांची इंग्रजी वळणाची. कारण गावांची नावं भाडेवसुलीच्या वह्यांत, पोस्टात आधीच इंग्रजीत बसली होती. ओढ्याला कोण पत्र पाठवतंय!

शब्दवेल्हाळ

धन्यवाद, खिळ्याची गोष्ट माहीतच नव्हती. पण एक शंका. सर्व्हेवाल्यांनी नावं बिघडवली असं नेहमी म्हणतात, आपल्याकडच्या टोपोशीट्सबद्दलही (सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे) ट्रेकर लोक म्हणतात. पण त्यांनी लिहिलीच नसती तर आज किती उरली असती? १८९१ च्या जनगणनेत स्कॉटलंडमधे अडीच लाखांवर गेलिक बोलणारे होते, २०११ ला सत्तावन्न हजारांच्या आसपास.

नकाशावेडी

@शब्दवेल्हाळ रास्त मुद्दा, आणि मी त्या शिपायांना वाईट म्हणत नाही. बहुतेकांना गेलिक येत नव्हतं, पावसात चिखलात दिवसचे दिवस हिंडून त्यांनी ओढ्या-टेकाडांची नावं विचारून घेतली आणि दुसऱ्या रकान्यात सगळी रूपं प्रामाणिकपणे ठेवली. म्हणूनच आज आपण निवाडा तपासू शकतो. राग आहे तो निवड कोणाच्या शब्दावर झाली याचा.

आणि लिहिण्याची सुरुवात त्यांच्यापासून नाही. टिमथी पाँट नावाचा माणूस १५८० आणि ९० च्या दशकांत स्कॉटलंडभर फिरून नकाशे काढत होता, त्याचे हस्तलिखित कागद एडिंबराच्या नॅशनल लायब्ररीत आहेत आणि त्यावरूनच १६५४ चा ब्लाउचा अॅटलस झाला. मग कलोडनच्या लढाईनंतर १७४७ ते ५५ मधे विल्यम रॉयचा लष्करी नकाशा. पाँटच्या हातून लिहिलेलं वेडंवाकडं स्पेलिंग कित्येकदा सर्व्हेपेक्षा जुन्या उच्चाराच्या जवळ असतं, कारण त्याने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं.

त्याच्याही आधी बुक ऑफ डिअर. दहाव्या शतकातली बायबलची छोटी पोथी, आणि तिच्या मोकळ्या जागेत बाराव्या शतकात कोणीतरी गेलिकमधे जमिनीची दानपत्रं लिहून ठेवली. अॅबर्डीनशायरमधली गावं त्यात नावानिशी आहेत. तो भाग आज पूर्ण इंग्रजी-स्कॉट्स वळणाचा, तिथे कधी गेलिक होती हेच लोकांना खरं वाटत नाही.

पाऊलवाट

@नकाशावेडी बुक ऑफ डिअर आणलंत ते फार बरं केलंत. त्यात 'पेट' ने सुरू होणारी नावं आहेत आणि तो शब्द पिक्टिश, म्हणजे गेलिकच्याही आधीच्या लोकांचा. जमिनीचा वाटा असा अर्थ. पिटलॉख्री, पिटनवीम अशी पूर्व स्कॉटलंडमधे तीनशेच्या वर नावं आहेत. गेलिक लोकांनी तो शब्द उचलला आणि पुढे स्वतःच्या बोलण्यात बदलूनही टाकला, पिटलॉख्रीला गेलिकमधे 'बाल्य ख्लॉइख्री' म्हणतात, पिटच्या जागी बाल्य म्हणजे गाव. इंग्रजी स्पेलिंगमधे पिक्टिश शब्द टिकला आणि गेलिकमधून गेला. म्हणून मी म्हणते की कोणतंच एक रूप घेऊन बसू नका.

आणि "गेलिक फक्त हायलंड्सची" हे जे लोक ठासून सांगतात त्यांनी फाइफ आणि गॅलोवेचा नकाशा बघावा. ऑख्टरमख्टी काय इंग्रजी आहे?

डब्लिनकर

आयर्लंडची भर घालतो. इकडे सहा इंची सर्व्हे १८२४ ला सुरू झाला, टाउनलँड म्हणजे सर्वात लहान जमीन-विभाग, ते साठ हजारांच्या वर. सुरुवातीला नावांचा गोंधळ झाल्यावर जॉन ओ'डॉनव्हन नावाच्या आयरिश जाणणाऱ्या विद्वानाला नेमलं. तो १८३० च्या दशकात गावोगाव फिरला, म्हाताऱ्यांकडून उच्चार ऐकले, जुन्या हस्तलिखितांशी ताडून बघितले. नेम बुकमधे तो मूळ आयरिश रूप पेन्सिलने लिहायचा आणि नकाशासाठीचं इंग्रजी वळणाचं रूप शाईने. नकाशावर शाई गेली, पेन्सिल वहीत राहिली. पण ती पेन्सिल आहे म्हणून आज आमची लॉगइन्म नावाची सरकारी डेटाबेस साइट इतकी भक्कम आहे, जुन्या नोंदी स्कॅनसकट दिसतात. स्कॉटलंडला असा माणूस मिळाला नाही याचं वाईट वाटतं.

बाकी अधिकृत नाव ठरवणं सोपं नाही. डिंगल गावाचं नाव सरकारने २००५ मधे फक्त 'अन दॅन्गन' केलं, पाट्यांवरून डिंगल गेलं. गावकरी चिडले, २००६ ला मतदान घेतलं, शेवटी २०११ ला कायद्याने इंग्रजीत डिंगल आणि आयरिशमधे 'दॅन्गन ई खूश' असं दोन्ही ठेवलं. आयरिशवर प्रेम असणाऱ्या गावकऱ्यांचाही त्यात विरोध होता, कारण त्यांना न विचारता ठरवलं.

निळावंती

मी पर्यावरणाच्या बाजूने या नावांकडे बघते. किंग्यूसी गावाचं मूळ नाव 'क्याउन अ ग्यूसिख', म्हणजे पाइनच्या रानाचं टोक. रान कुठवर होतं ते नावात आहे. 'अख-ना-शेलख' म्हणजे विलोची शेतजमीन. गरुडाचे कडे तर जागोजागी. जंगल परत लावणारे लोक आता ही नावं पुराव्यासारखी वापरतात, अर्थात एकट्या नावावर नाही, परागकणांचे नमुने वगैरे जोडीला असतात.

आणि लुईस बेटाचा किस्सा माहीत असावा. तिथल्या दलदलीच्या माळावर २३४ टर्बाइन्सचा मोठा विंडफार्म करायचा प्रस्ताव होता. बाहेरच्यांच्या बोलण्यात तो माळ म्हणजे रिकामी, ओसाड जागा. तिथल्या लोकांसाठी मात्र प्रत्येक ओहोळाला, टेकाडाला नाव. उन्हाळ्यात गुरं घेऊन राहायच्या झोपड्यांना 'आरी' म्हणतात, त्यांच्या जागा नावानिशी. लोकांनी माळावरचे शब्द गोळा करून पुढे ठेवले. प्रस्ताव २००८ मधे नामंजूर झाला, त्याचं अधिकृत कारण पक्ष्यांच्या अधिवासाचं संरक्षण हे होतं, पण ती जागा रिकामी नाही हे पटवण्यात त्या शब्दांचा वाटा मी मोठा मानते.

कोकणकडा

निळावंती, हे भारी आहे. आपल्याकडे गुराख्यांना विचारलं तर पठारावरच्या प्रत्येक पाणवठ्याचं नाव सांगतात आणि टोपोशीटवर तिथे कोरा कागद असतो, हे मी स्वतः बघितलंय.

@पाऊलवाट प्रत्यक्ष रेकॉर्डिंग कसं करतात ते लिहाल का? आमच्या ग्रुपला इकडे करायचंय.

पाऊलवाट

@कोकणकडा नक्की लिहिते. मी इथल्या एका स्थानिक इतिहास मंडळाबरोबर जाते. बेटांवर अशी मंडळं गावोगाव आहेत, कोमुन एख्ट्री म्हणतात, लुईसच्या नेस भागातलं १९७७ पासूनचं.

घरात बसून नाव विचारलं की माणसं दहा-बारा मोठी नावं सांगतात आणि थांबतात. त्यापेक्षा मोठ्या प्रमाणाचा नकाशा टेबलावर पसरा आणि विचारा, मेंढ्या गोळा करायला सकाळी निघालात की आधी कुठे जायचात? मग कुठे? माणूस मनात चालायला लागतो आणि नावं आपोआप येतात. एका निवृत्त मेंढपाळाबरोबर मी अशी बसले होते. नकाशावर ज्या उतारावर एकही अक्षर नव्हतं तिथे त्यांनी बोट ठेवत ठेवत एक दगड, दोन ओहोळ, बर्फ उशिरा वितळतं तो खळगा, मेंढ्या मोजायचं सपाट खडकाळ ठिकाण, असं सगळं नावानिशी सांगितलं. बोट थांबलं की ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरच्या जागेचा आकडा, लिहायचा, मधे बोलायचं नाही. नाव नुसतं एकटं नाही, वाक्यात म्हणवून घ्यायचं, "आम्ही तिकडे जायचो", "तिथून यायचो", कारण गेलिकमधे शब्दाचं पहिलं अक्षर व्याकरणाने बदलतं, 'मोर' चं 'वोर' होतं, आणि मूळ रूप कोणतं ते वाक्यांवरूनच पकडता येतं. अर्थ सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी विचारला तर माणूस अर्थाला साजेसा उच्चार करायला लागतो.

आणि सांगणारा जे सांगेल ते तसंच ठेवायचं, सभ्य करायचं नाही. केर्नगॉर्म्समधे एक शिखर इंग्रजी नकाशावर 'डेव्हिल्स पॉइंट' आहे. मूळ गेलिक 'बॉट अन ज्याउन', सैतानाचं शिश्न. व्हिक्टोरिया राणीने अर्थ विचारला तेव्हा तिच्या नोकराने, जॉन ब्राउनने, लाजेखातर पॉइंट सांगितलं अशी गोष्ट इथे सांगतात.

सगळ्यात जीवाला लागतं ते उठवलेल्या गावांचं. सदरलंडमधे स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातून १८१४ आणि १८१९ ला माणसं हाकलली, मेंढ्यांसाठी. घरांची छपरं जाळली. त्यातल्या बऱ्याच लोकांना उत्तर किनाऱ्यावर खडकाळ तुकडे दिले, आणि त्या वस्तीचं नाव काय तर बेटीहिल, सदरलंडच्या काउंटेस एलिझाबेथवरून. ज्या जमीनदारणीने उठवलं तिचंच नाव पत्त्यात! गेलिक बोलणारे त्याला 'आम ब्लारन ओअर' म्हणतात, छोटं मळकट-पिवळं माळरान. एकाच जागेची ही दोन नावं, आणि त्यातलं कोणतं पाटीवर आधी येतं याने मला फरक पडतो.

शब्दवेल्हाळ

बेटीहिलचं वाचून सुन्न झालो. आम्ही जूनमधे एनसी ५००, म्हणजे उत्तर किनाऱ्याची गाडीने करायची फेरी, करतोय, तिकडूनच जाणार. बघण्यासारखं काय आहे? आणि घरबसल्या नावं ऐकायला कुठे मिळतील?

पाऊलवाट

@शब्दवेल्हाळ ऐकण्यासाठी टोबर अन दुअलखिश ही साइट, एडिंबराच्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजने १९५१ पासून केलेली ध्वनिमुद्रणं, बीबीसीची आणि कॅना बेटावरचा संग्रह असं सगळं तिथे आहे, फुकट. अधिकृत गेलिक रूप हवं तर 'अनमन आत्य ना हालपा' या गेलिक स्थळनावांच्या संस्थेचा डेटाबेस बघा, बऱ्याच नावांचे उच्चारही ऐकवतात. मूळ अभ्यास वाचायचा असेल तर विल्यम वॉटसनचा १९२६ चा ग्रंथ अजूनही पहिला उघडावा असाच आहे. जुने नकाशे नॅशनल लायब्ररीच्या साइटवर आजच्या नकाशावर ठेवून बघता येतात.

थर्सोहून ए ८३६ ने पश्चिमेला आलात की बेटीहिल लागतं. तिथे 'फार' (Farr) नावाच्या जुन्या चर्चमधे स्ट्रॅथनेव्हर म्युझियम आहे, आवारात पिक्टिश काळातला कोरीव क्रॉसचा दगड उभा आहे तो चुकवू नका. तिथून आत खोऱ्यात सायरकडे गेलात की रोझल, उठवलेलं गाव, पुरातत्त्ववाल्यांनी १९६२ मधे तिथे सर्व्हे आणि उत्खनन केलं. घरांचे पाये, धान्य वाळवायच्या भट्ट्या दिसतात. नाव नॉर्स आहे, घोड्यांचं कुरण. रस्ता एकेरी आहे, समोरून गाडी आली तर पासिंग प्लेसमधे थांबायचं, आणि जूनमधे मिजेस म्हणजे बारीक चिलटं चावतात तेव्हा डोक्यावर घ्यायची जाळी न्या. म्युझियम उघडं असेल तर तिथल्या माणसांना थोडं गेलिक नावांबद्दल विचारा, बोलते झाले आणि त्यांनी परवानगी दिली तर फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवा, जागेचं लोकेशन पिन सकट.